फाटकाजवळच्या बायबलबाई

आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी सगळे डोळे मिटत. बायबलबाई तेवढ्या मिटत नसत. त्यांची नजर दाराकडे असे. पाळकसाहेबांनी एकदा हळूच विषय काढला, तेव्हा त्या म्हणाल्या, "डोळे झाकले तर दारात कोन आलं ते कसं दिसंल, साहेब?" पाळकसाहेब हसले. मला हसू आलं नाही. बाईंना उपासनेची शिस्त नाही, असं माझं ठाम मत होतं. त्यांचे डोळे उघडे असतात हे मला दिसायचं, म्हणजे माझेही उघडेच असायचे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

घरोघरी जाऊन शास्त्र वाचून दाखवणारी, दुखण्याखुपण्यात उशाशी बसणारी बाई म्हणजे बायबलबाई. आमच्या बाई निलंग्याकडच्या. ऐन तारुण्यात नवरा गेला, तेव्हापासून त्या लातूरला, चर्च आणि आमची घरं होती त्या कंपाउंडात, फाटकाला लागून असलेल्या खोलीत राहत. खांद्याला कापडी पिशवी. तीत वर फणी आणि खोबरेल तेलाची बाटली, आणि तळाशी बायबल. कुणाकडे गेल्या की आधी पोरींच्या डोक्यातल्या उवा काढत, बाळंतिणीला न्हाऊ घालत. घरातलंच कुणी "आज वाचत न्हाई का, बाई?" म्हणालं तरच पुस्तक बाहेर येई.

माझं नाव शमुवेल, पण बाई मला शामू म्हणत. मी एकदा त्यांना सुनावलं, "अशानं तुम्ही किती लोकांपर्यंत पोचणार?"

"मी कुठं पोचाया निघाले रे शामू? मी भेटाया जाऊन राहिले," त्या म्हणाल्या.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. पूर्वी ज्या कागदासाठी उस्मानाबादला खेटे घालावे लागत, तो आता गावातच मिळू लागला होता. नव्या कलेक्टर कचेरीत मी कारकून म्हणून लागलो आणि मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, माझा भाव वधारला. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीनं मला सेक्रेटरी केलं. पाळकसाहेब खेड्यांवर गेले की रविवारचा उपदेशही माझ्याकडे येऊ लागला. मला बोलता येतं, असं लोक म्हणत. मलाही ते पटलं होतं.

त्यातच दुष्काळ पडला. नव्या कचेऱ्यांची बांधकामं चालली होती. रेणापूरकडच्या खेड्यांतली माणसं विटा वाहायला आली आणि आमच्या कंपाउंडाच्या भिंतीला टेकून त्यांनी पालं ठोकली. गावातल्या विहिरी आटल्या, आमची मात्र टिकून होती. बाई पहाटे फाटक उघडत. पालांतल्या बायका घागरी घेऊन येत, आणि कमरेला पदर खोचून बाई स्वतः रहाट ओढत. विहिरीचं पाणी खाली खाली जायला लागलं, तशी पंचांमध्ये कुरबुर सुरू झाली. शेवटी ठराव झाला, की पाणी फक्त मंडळीच्या कुटुंबांनी घ्यावं आणि फाटकाला कुलूप असावं. ठराव मी लिहिला. चावी बाईंकडे राहिली, कारण खोली त्यांचीच फाटकाजवळ होती.

बाई फाटकाला कुलूप लावू लागल्या. आपल्या वाट्याच्या दोन घागरी तेवढ्या त्या भिंतीवरून पलीकडे देत. आपल्यासाठी काय ठेवत, ते मी कधी विचारलं नाही.

मग तो रविवार आला. पाळकसाहेब बाहेरगावी होते. आमच्या कचेरीतले एक साहेब सहकुटुंब पहिल्यांदाच उपासनेला आले होते आणि पहिल्या बाकावर बसले होते. तहानलेल्याला पाणी पाजणं या विषयावर मी आठवडाभर तयारी केली होती. बोलणं छान रंगात आलं होतं. एवढ्यात उघड्या दारातून फाटकाकडे बघत बाई उठल्या. साहेबांच्या पुढून, सगळ्यांच्या देखत, चपला हातात घेऊन बाहेर गेल्या. कुलूप उघडल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं रहाट करकरू लागला. साहेबांच्या बायकोनं वळून पाहिलं. माझं वाक्य तुटलं. तेच वाक्य मी पुन्हा म्हटलं, आणि रहाट ऐकू येऊ नये म्हणून आवाज चढवला.

तहानलेल्यांविषयी मी ओरडून बोलत होतो, ते असं.

त्याच दुपारी मी पंच कमिटीला पत्र लिहिलं. ठराव मोडला, उपासनेत व्यत्यय आणला, परक्यांना आवारात घेतलं, अशी तीन कलमं. कमिटी बसली. पत्र वाचून झाल्यावर बाईंना उभं करून विचारलं गेलं.

"कुलूप उघडलंत?"

"हाव."

"ठराव ठाऊक होता?"

"हाव. पन बाई पोटुशी होती. फाटकाला धरून खाली बसली होती."

"पुन्हा असं करणार नाही, एवढं लिहून द्या. विषय संपला."

"ते न्हाई व्हायचं माझ्याच्यानं," बाई म्हणाल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी चावी काढली आणि टेबलावर ठेवली. पाळकसाहेब खाली बघत होते. मी इतिवृत्त लिहीत होतो.

कमिटीनं खोली सोडायला आठवडा दिला होता, बाईंनी दोन दिवसांतच सोडली. उमरीला त्यांची भाची होती, तिच्याकडे निघाल्या. त्या सकाळी मी मुद्दाम तासभर आधी कचेरीत गेलो. "शामूला सलाम करून जाते," म्हणत बाई फाटकाशी बराच वेळ थांबल्या होत्या, असं नंतर बायकांनी सांगितलं.

चावी माझ्याकडे आली. पालांतल्या बायका चार-पाच दिवस पहाटे फाटकाशी येऊन उभ्या राहत, मग यायच्या बंद झाल्या. त्याच बायका माझ्या कचेरीच्या विटा वाहत होत्या. मी रोज त्यांच्या बाजूनं खाली मान घालून आत जायचो.

पुढं पाच-सहा वर्षांनी कामानिमित्त नांदेडला गेलो होतो, तिथून गाडीनं उमरी गाठली. बाई दारातच बाजेवर बसल्या होत्या, वाळलेल्या, पाय सुजलेले.

"सलाम, बाई."

"शामू का? ये की. उन्हाचा आलास."

भाचीनं चहा दिला. तो मी संपवला. मग म्हणालो, "बाई, ते पत्र माझं होतं."

"ठाऊक हाय. कमिटीत वाचलं तवाच कळलं. इतकं शुद्ध दुसरं कोन लिवतंय?"

"मला माफ करा."

"ते मी तवाच केलं रे." मग त्यांनी विचारलं, "आता फाटक उघडं असतंय का?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. मनावरचं ओझं उतरवायला मी इतका लांब आलो होतो, पण चावी अजून माझ्याच कपाटात होती.

"नाही," मी म्हणालो.

"आजून बी?" त्या रागावल्या नाहीत. भाचीला म्हणाल्या, "ह्याला आजून च्या दे." आणि मग माझ्याकडे न बघता, "आधी ते कर जा."

लातूरला परतल्यावर मी जुना ठराव रद्द करायला मांडला. तोवर कंपाउंडात नळ आले होते. कुणी चर्चाही केली नाही, एकमतानं मंजूर. मी कुलूप काढलं आणि फाटक सताड उघडलं. बाहेर कोणी उभं नव्हतं. पालं केव्हाच उठून गेली होती. ती गरोदर बाई कोण, कुठली, पुढं तिचं काय झालं, हे आजही मला सांगता येत नाही.

त्याच वर्षी बाई गेल्याचा निरोप आला. मंडळीच्या वतीनं मला पाठवलं, कारण मला बोलता येत होतं. मी चांगलं दीड पान लिहून नेलं होतं. माती दिल्यावर सगळे भाचीच्या अंगणात सतरंजीवर बसले, आणि चार शब्द बोला म्हणून मला उभं केलं. कागद उघडला. 'सेवाभाव' हा शब्द पहिल्या चार ओळींत तीनदा आला होता. मी तो घडी करून खिशात ठेवला.

"बाईंना कंपाउंडातून मी काढायला लावलं," मी म्हणालो. "एका तहानलेल्या बाईला त्यांनी पाणी दिलं म्हणून."

एवढंच बोललो. परत जाऊन बसावं, तर कुणाशेजारी बसायचं ते कळेना, म्हणून तसाच उभा राहिलो. शेवटी भाची जागची थोडी सरकली. हातानं सतरंजी झटकली आणि म्हणाली, "बसा."

मी बसलो.