सत्काराचे नारळ

"बाकी सगळं झालंय," असं म्हणून आमचे भूगोलाचे सर उजव्या हाताची करंगळी वर करत. "तेवढं एक राहिलंय."

शाळेत करंगळी वर केली की त्याचा अर्थ काय होतो, हे तुम्हांआम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे भूगोलाच्या तासाला मुलं खुसखुसत. सरांना त्याचं काही नसे. त्यांची करंगळी म्हणजे पैसे. विलायतेतल्या एका जुन्या विद्यापीठाने त्यांना नकाशे काढण्याचं शास्त्र शिकायला प्रवेश दिला होता. पासपोर्ट झाला होता, शाळेने बिनपगारी रजा दिली होती, घरून त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा, होकार होता. बोटीचं भाडं, फी आणि तिथला दोन वर्षांचा खर्च तेवढा राहिला होता. स्कॉलरशिप मिळणार नाही, हे विद्यापीठाने अगदी गोड इंग्रजीत कळवलं होतं.

स्वातंत्र्य मिळून चारपाच वर्षं झाली होती. डोंबिवलीच्या त्याच शाळेत मी संस्कृत शिकवायचो आणि चाळीत त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायचो. शाळेतला हिंदुस्थानचा नकाशा इंग्रजांच्या वेळचाच होता. फाळणीची रेघ सरांनी त्यावर तांबड्या पेन्सिलीने स्वतः ओढली होती. "मास्तर, पोरांना आपल्या माणसाने काढलेला नकाशा मिळाला पाहिजे हो," ते मला म्हणत. मला त्यांचा हेवा वाटायचा. माझ्या आयुष्यात इतकं हवंसं काही नव्हतं.

हाच माणूस घराबाहेर पडला की वाट चुकायचा. ठाकुर्लीला पाहुण्यांकडे जेवायला म्हणून पायी निघाले आणि भलत्याच गावच्या शेतात उभे राहिले. तिथल्या शेतकऱ्याने त्यांना हाताला धरून रस्त्यावर आणून सोडलं. वहिनी म्हणाल्या, "विलायत नकाशात बोटाएवढी आहे म्हणून बरं. तिथे तरी सापडतील."

आता सत्काराची सुरुवात कशी झाली ते सांगतो. आपल्याकडे परदेशी जाणाऱ्याला शाल आणि नारळ दिल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. हेडमास्तरांनी प्रवेशाची बातमी ऐकली आणि दुसऱ्याच आठवड्यात स्नेहसंमेलनात सरांचा निरोपाचा सत्कार उरकून टाकला. सर हळूच म्हणाले, "अहो, तेवढं एक राहिलंय." हेडमास्तर म्हणाले, "होईल हो ते!" आणि गळ्यात हार घातला.

तिथून जी लागण झाली, ती थांबेना. ज्ञातिमंडळाला वाटलं, शाळेने सत्कार केला म्हणजे पैशांची सोय शाळेने केली असणार. कल्याणच्या वाचनालयाला वाटलं, ज्ञातिमंडळाने केली असणार. ठाण्याच्या गणेशोत्सवाला तर शंकाच आली नाही. जो तो शाल, नारळ आणि भाषण देऊन मोकळा. "अशा तरुणाच्या पाठीशी समाजाने उभं राहिलं पाहिजे," असं एक अध्यक्ष कळकळीने म्हणाले, आणि फोटोच्या वेळी समाज खरोखरच सरांच्या पाठीशी उभा राहिला.

कल्याणच्या सत्काराला तर सर थेट पुढच्या शहाड स्टेशनावर जाऊन उतरले. टांग्याने परत येईपर्यंत अध्यक्षांचं भाषण संपत आलं होतं. सत्कारमूर्ती बोटीवर चढली असेल अशा समजुतीने ते निरोपाचे शब्द बोलत होते.

सर कुणाला नाही म्हणू शकत नसत. "माणसं प्रेमाने बोलावतात हो, मास्तर. आणि कोण जाणे, एखादा विचारेल तरी, काही कमी आहे का म्हणून." तसं कुणी विचारलं नाही. एका शेटजींकडे ते स्वतः गेले, तर शेटजींनी चहा पाजला आणि शब्द दिला, "परत या, मोठा सत्कार करू!"

विद्यापीठाची माणसं सभ्य. सरांनी विनंती केली की ती जागा पुढच्या वर्षावर टाकत. डोंबिवलीची माणसं तेवढी सभ्य नव्हती. "अजून इथेच का?" असं भाजीवालीसुद्धा विचारू लागली. ज्ञातिमंडळाचे चिटणीस एकदा दारात उभं राहून म्हणाले, "शाल परत मागायची आपली पद्धत नाही. पण लोक विचारतात." त्या दिवशी सर जेवले नाहीत. लोकांची तोंडं चुकवायला ते मागच्या गल्लीने शाळेत जाऊ लागले आणि वाट चुकून दुसऱ्या तासाला पोहोचू लागले.

या सगळ्या काळात वहिनींच्या पलंगाखाली नारळ साठले होते. "देवाच्या कृपेने खोबरं भरपूर आहे," त्या म्हणाल्या, आणि खोवायला बसल्या. साखर तेव्हा रेशनवर, म्हणून पहिल्या वड्या गुळाच्या झाल्या. त्यांतल्या अर्ध्या मी खाल्ल्या. उरलेल्या चाळीतल्या बायकांनी खाल्ल्या आणि त्यांतल्या एकीने मुलीच्या रुखवताला मोठं ताट करून मागितलं. त्या लग्नात आणखी दोन घरच्या विहिणींनी पत्ता विचारला. मग नारळ विकत आणायची वेळ आली. कळव्यापासून कल्याणपर्यंत लग्न ठरलं की वहिनींना निरोप येई. सर शाळेतून आले की सदरा काढून खोवणीवर बसत आणि खोबरं खोवता खोवता मला आफ्रिकेतल्या नद्या सांगत.

असे वड्यांचे पैसे साठवता साठवता चार वर्षं गेली, सरांच्या कानांवरचे केस पिकले, आणि एका संध्याकाळी ते माझ्या दारात येऊन नुसतेच उभे राहिले. करंगळी वर केली नाही. "मास्तर," ते म्हणाले, "झालं हो सगळं." मी त्यांना मिठी मारली. त्यांच्या अंगाला वेलदोड्याचा वास येत होता.

ओव्हरकोट मात्र परवडला नाही. वहिनींनी जुन्या बाजारातून एक विटका कोट आणला आणि सत्काराच्या सगळ्या शाली जोडून त्याला आतून अस्तर लावलं. "आता खरा समाज पाठीशी आहे," त्या म्हणाल्या.

सर खरंच निघाले, त्या दिवशी स्टेशनवर कुणी आलं नाही. एकाच माणसाला किती वेळा निरोप देणार? मुंबईला त्यांचा मेहुणा उतरून घेणार होता, नाहीतर ते कोलंबोच्या बोटीत बसले असते. फलाटावर वहिनी आणि मी, एवढेच. सरांनी वहिनींकडे पाहिलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि गाडी आली. दारात चढताना वाऱ्याने कोट उडाला आणि आतला जरीचा काठ उन्हात चमकला. वहिनी तोंडाला पदर लावून रडत होत्या.

गाडी गेल्यावर माझ्या लक्षात आलं, सरांसाठी आणलेला नारळ माझ्याच हातात राहिला होता. मी ओशाळून तो वहिनींपुढे धरला. त्यांनी डोळे पुसले, नारळ घेतला आणि कानाशी नेऊन हलवून पाहिला.

"पाणी आहे चांगलं," त्या म्हणाल्या. मग उजव्या हाताची करंगळी वर केली. "बाकी सगळं झालंय, भाऊजी. ह्यांना सांगितलं नाही, पण दुसऱ्या वर्षाची फी तेवढी राहिलीय."