चीनसाठी चार किलो तांदूळ

“हे आता चीनला कोण नेऊन देणार, ते तरी सांगा,” म्हणत शर्मिष्ठाने उशीचा अभ्रा ओसरीवर आपटला. अभ्र्यात चार किलो तांदूळ होते. उकडे, कच्चे, लाल, कणी, सगळे एकमेकांत मिसळलेले. म्हणजे शिजवायच्या कामाचेही नाहीत.

आन्नाकाली विळीवर भोपळा चिरत होती. चीनला नको असतील तर आपल्या कोंबड्या आहेत की, असं ती म्हणाली.

“तुम्हाला चेष्टा सुचते, मा. काल पोरं मला विचारत होती, दिदिमणी, उद्या जपानसाठी पण मूठभर आणू का?”

तारापद, म्हणजे शर्मिष्ठाचा नवरा आणि आन्नाकालीचा मुलगा, ताटावर मान घालून पांताभात, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात, जेवत होता. आई आणि बायको बोलत असल्या की त्याला ऐकू कमी येई. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि बहिरेपण वाढत चाललं होतं.

शर्मिष्ठा गावातल्या प्राथमिक शाळेत शिकवायची. जन्म बोकारोचा, वडील पोलाद कारखान्यात, शाळा हिंदी. बांगला तिला नीट यायची, पण पुस्तकातून आल्यासारखी यायची. तिसरी-चौथीच्या पोरांना ‘जगातला तांदूळ’ शिकवायचा म्हणून तिने पाच दिवस खपून पलंगाएवढा तक्ता केला होता. त्यावर जगाचा नकाशा होता. चीन, जपान, इंडोनेशियावर हिरवा रंग होता, इटलीच्या बुटावर एक टिकली होती आणि आफ्रिकेच्या पश्चिमेलाही हिरवं होतं, कारण तिथले लोक आपला वेगळा तांदूळ हजारो वर्षं पिकवत आलेत. आणि वर लाल अक्षरांत मथळा होता: तांदूळ ‘बाडन्तो’ असलेले देश.

बाडन्तो म्हणजे वाढता. शब्दकोश उघडला तर असाच अर्थ मिळतो. पण इथे बंगालात, बर्धमानच्या कुठल्याही घरात तांदूळ ‘संपला’ असं बाई म्हणत नाही, लक्ष्मीला ते ऐकवत नाही. मडक्याचा तळ दिसला की ती म्हणते, तांदूळ बाडन्तो आहे. आपल्याकडे बांगडी फुटते ती ‘वाढते’, तसंच. शर्मिष्ठाने एका मथळ्यात अर्ध्या जगाची मडकी पालथी घातली होती.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते आन्नाकालीच्याच. कारण त्या मंगळवारी तिला वर्गात पाहुणी म्हणून बोलावलं होतं, तेही शर्मिष्ठानेच. सासू जन्मभर तांदळात राबलेली, मुलांना दोन शब्द सांगेल, असा तिचा हिशेब. सासूला वाचता येत नव्हतं. एका पोरीने मथळा मोठ्याने वाचला तेव्हा ती इतकी हसली की हेडमास्तर पाण्याचा पेला घेऊन धावले. श्वास परतल्यावर तिने चाळीस पोरांसमोर सांगून टाकलं की तुमच्या दिदिमणीने चीनला उपाशी ठेवलंय. पोरांनी घरी जाऊन तेच सांगितलं. गावातल्या बायकांनी, काहींनी खरंच कळवळून आणि बाकीच्यांनी निव्वळ वात्रटपणाने, दुसऱ्या दिवशी दप्तरातून मूठ मूठ तांदूळ धाडला.

आन्नाकालीला शाळेत कुणी पाहुणी म्हणून बोलावेल असं तिच्या बापाला स्वप्नातही वाटलं नसतं. पोर शाळेतच जाईल असंही त्याला वाटलं नव्हतं. तीन मुलींनंतर ही झाली, तेव्हा त्याने देवीला हात जोडून म्हटलं, ‘आर ना, काली.’ आता पुरे, काली. तेच नाव पडलं. कालीने ऐकलं नाही, पाचवीही मुलगीच झाली. त्यामुळे आन्नाकालीचं देवीविषयीचं मत जरा चांगलं होतं.

चौदाव्या वर्षी ती या घरात आली आणि सासूबरोबर ढेंकीवर उभी राहिली. पायाने लाकूड दाबायचं, धान कांडायचं, सासूच्या शिव्या ऐकायच्या. मग गावाबाहेर भातगिरणी आली, ढेंकी सरपणात गेली आणि आन्नाकाली गिरणीत लागली. उकडलेलं धान पटांगणात उन्हात पसरायचं आणि अनवाणी पाय घाशीत त्यातून चालत राहायचं, म्हणजे ते सारखं वाळतं. बावीस वर्षं ती चालली. एक दाणा दाताखाली धरून अजून किती ऊन लागेल ते ती सांगायची, आणि ते ऐकायला मालक स्वतः यायचा. नवरा गेल्यावर नणंदेने तिला विधवेचा आणि नैवेद्याचा, न उकडलेल्या कच्च्या तांदळाचा भात वाढायला सुरुवात केली. तो तिने तीन दिवस खाल्ला. चौथ्या दिवशी, हा भात देवाला पचतो, कारण तो खात नाही, असं सांगून तिने उकड्याचं पातेलं पुढे ओढलं.

हे सगळं तिने त्या मंगळवारी पोरांना सांगितलं. जपानी लोकांचा भात चिकट असतो असं शर्मिष्ठा सांगत होती, तेव्हा एक पोरगा म्हणाला, सून नवी असेल. तेही आन्नाकालीने उचलून धरलं. मग तिने साडी घोट्याच्या वर घेतली आणि पाय पुढे केले. टाचा गिरणीच्या पट्ट्यासारख्या. म्हणाली, “ज्या भाताला तुम्ही जेवायच्या आधी नमस्कार करता ना, त्याला आधी हे लागलेत.” पोरं बाकावर उभी राहून पाहायला लागली. तेव्हाच तिने त्यांना कबूल केलं होतं की शनिवारी शाळेच्या पटांगणात धान पसरू, तुम्हीही चाला.

झगडा खरं तर त्या शनिवारचा होता. तांदळाचा अभ्रा नुसता निमित्ताला. तीन पालक शाळेत येऊन गेले होते. लक्ष्मीवर पाय देणार, तेही शाळेत, असं त्यांचं म्हणणं. हेडमास्तर म्हणाले, घरात ठरवा आणि मला उद्या कळवा.

“मी ‘नाही’ म्हणून सांगणार आहे,” शर्मिष्ठा म्हणाली. “तक्ता फाडते आणि बदलीचा अर्ज देते.”

आन्नाकालीने भोपळा बाजूला ठेवला. तीन पालकांपैकी दोघांच्या आया गिरणीत माझ्याच ओळीत चालायच्या, तेव्हा लक्ष्मी कुठे गेली होती, असं तिने विचारलं. ते लोक आता सोफ्यावर बसतात म्हणून धान आपोआप वाळतं का? शनिवार झाला नाही तर पोरांना वाटेल, म्हातारी थापा मारून गेली.

“तुमचं ते आहेच. तुम्हाला सगळे टाळ्या देतात,” शर्मिष्ठा म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. “आमच्याकडे तांदूळ संपला की आई ओरडायची, संपलाय, घेऊन ये. आणि मी दुकानात जायचे. मला कुणी कधी सांगितलं होतं हो? नऊ वर्षं या घरात डाव घेऊन उभी आहे. तुम्ही मडक्यात हात घालून ‘बाडन्तो’ म्हणायचात, तेव्हा मला वाटायचं, भरपूर आहे.”

तारापदला हे ऐकू आलं. त्याने मान वर केली.

आन्नाकालीला आठवलं. लग्नानंतर दोन-तीनदा भाताचं आधण उकळत राहिलं होतं आणि मडक्यात दाणा नव्हता. बौमा, म्हणजे सून, निष्काळजी आहे असं तिने शेजारच्या बायकांना सांगितलंही होतं. शिकवायला बसायचं तर इथे बसायला हवं होतं, नऊ वर्षांपूर्वी. परवा ती चाळीस पोरांसमोर हसली, आणि ते हसू सगळ्या गावाच्या तोंडी लागलं.

हे तोंडाने म्हणण्याची रीत तिच्याकडे नव्हती. आयुष्यात तिने एकदाच माफी मागितली होती, तीही गाईची.

ती उठली, साडीवरच्या भोपळ्याच्या बिया झटकल्या.

“तारापद, हेडमास्तरांना जाऊन सांग, शनिवार होणार. उद्या धान भिजत घालते, शनिवारी पहाटे अंगणात उकडते, दहाला पटांगणात. तक्ता भिंतीवर राहील, मथळा काय तो बौमा बदलेल. धानातून पहिली बौमा चालेल, चप्पल काढून, मग पोरं, मग ज्या आईबापांना यायचंय ते. मी खुर्चीवर बसेन आणि तोंड उघडणार नाही. शनिवारी सगळे पटांगणात, घरात चूल पेटणार नाही, सगळ्यांनी मुडी-मुरमुरे खायचे.”