नातीचे पाय मातीला लागले

आमच्या शनिशिंगणापुरात घरांना दारं नसतात, हे ऐकून पुण्याची माणसं अजून डोळे मोठे करतात. चौकट असते, उंबरा असतो, रात्री कुत्री आत येऊ नयेत म्हणून एक फळी टेकवून ठेवतो, बस्स. साडेतीन वर्षांच्या नातीला आमच्याकडे ठेवायचं ठरलं तेव्हा लेकीने पहिला प्रश्न तोच विचारला, "दादा, ती धावत बाहेर गेली तर?"

मी म्हणालो, "जाऊ दे की. तेवढ्यासाठीच तर आनतोय तिला."

पण नात कुठली जातेय! उंबऱ्यापर्यंत यायची आणि थांबायची. अंगणात उतरवायला गेलो की दोन्ही पाय पोटाशी घ्यायची आणि माझ्या गळ्याला अशी मिठी मारायची की मला ठसका लागायचा. माती म्हणजे तिला विस्तवच वाटायची.

यात दोष कुणाचाच नव्हता. पोर दिवस भरायच्या आत जन्मली, आणि बरेच दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. घरी आणल्यावर लेकीने तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. पुण्यातला फ्लॅट वरच्या मजल्यावर, फरशी सकाळ-संध्याकाळ पुसलेली. पोर उशिरा चालायला लागली, आणि लागली ती फक्त फरशीवर. बागेत गवताला पाय लागला की रडायची, पायरी दिसली की हात वर करायची. डॉक्टरांनी व्यायाम लावून दिले आणि सांगितलं, हिला माती-वाळूत खेळू द्या. लेकीने बाल्कनीत टबभर वाळू आणून ठेवली, पण पोरीने तिला बोटसुद्धा लावलं नाही. शेवटी लेक मला फोनवर म्हणाली, "हिवाळाभर तुमच्याकडे ठेवून बघते. नाही फरक पडला तर मी नोकरी सोडते. माझंच काहीतरी चुकलंय, मलाच निस्तरायला हवं."

किती जिद्दीने मिळवलेली नोकरी होती ती! फोन ठेवला आणि चहा गार झाला म्हणून मी उगाचच बायकोवर खेकसलो.

मी एसटीचा ड्रायव्हर होतो. पाथर्डीकडच्या खाचखळग्यांच्या रस्त्यांनी मला गाडी शिकवली, चांगल्या डांबरी रस्त्याने नाही. पायांचंही तसंच असणार, असं मला वाटायचं. फरशी सगळीकडे सारखीच, मग पाय काय शिकणार? मातीत एक पाऊल ढेकळावर पडतं, दुसरं भुसभुशीत जागी, प्रत्येक वेळी अंगाला तोल नव्याने सावरावा लागतो. विचार बरोबर होता, पण घाई माझ्या रक्तातच. मी तिला वासरू दाखवलं, मुंग्यांची रांग दाखवली, गोड बोललो, डोळेही वटारले. बायको वैतागली. "आवं, ढकलू नका तिला. लेकरू हाय ते, बंद पडलेली यष्टी न्हाई!"

मग मी नाद सोडला आणि तिला नुसतंच शेतावर न्यायला लागलो. कांद्याची लागण झाली होती, रोपं नुकती जीव धरत होती. पाण्याची पाळी असली की मी तिला पाटाच्या कडेला गोणपाटावर बसवायचो आणि दारं धरायचो. दारं धरणं म्हणजे एका वाफ्याचं तोंड मातीने बुजवून पाणी पुढच्या वाफ्यात सोडणं. घराला दारं नाहीत, ती कसर आम्ही शेतात भरून काढतो. पोरगी गोणपाटावरून सगळं बघायची. पाणी कुठून आलं? आता कुठे चाललं? रोपाला तोंड कुठे असतं? घरी मोजून बोलणारी पोर, पण इथे तिची टकळी थांबेना.

त्या सकाळी मी लांबच्या वाफ्याशी होतो. ती ओरडली, "आबा, पाणी पळालं!"

पाटाचा काठ उंदराच्या बिळाशी फुटला होता आणि पाणी शेजारच्या पडीक तुकड्यात चाललं होतं. मी खोरं घेऊन धावलो आणि अर्ध्या वाटेत थबकलो. नात गोणपाटावरून खाली उतरली होती. एक पाय मातीत, एक गोणपाटावर. चेहरा रडवेला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. मग दुसराही पाय खाली ठेवला.

हाक मारावी असं फार वाटलं. तोंड मिटून उभं राहणं माझ्या स्वभावात नाही, पण राहिलो. तिने मूठभर चिखल उचलला, फुटलेल्या जागी टाकला. तो वाहून गेला. पुन्हा टाकला, पुन्हा गेला. आता ही रडणार, असं वाटेपर्यंत ती स्वतःच त्या भगदाडात शिरली आणि दोन्ही पाय जोडून उभी राहिली. पाणी पायांशी अडलं, थोडं मागे सरलं. थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं, ते तिला कळलं असावं, कारण ती हसायलाच लागली.

"आबा, मी दारं धरलं!"

माझे डोळे भरून आले. सांगायला लाज कसली?

त्यानंतर तिला घरात ठेवणं अवघड झालं. करवंटीने ती स्वतःचे वाफे करायची, ढेकळं फोडायची, पडायची, गुडघे सोलवटून घ्यायची. बोटांत जोर आला, भाकरी स्वतः मोडून खायला लागली, रात्री पडल्या पडल्या झोपायला लागली. डॉक्टरांचे व्यायामही बायकोने सोडू दिले नाहीत. माती म्हणजे काही जादू नव्हे. पण व्यायाम कर म्हणावं लागायचं, मातीत जा म्हणावं लागत नव्हतं.

लेकीला फोनवर सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. एका शनिवारी ती आली आणि बॅग टाकून आईबरोबर तडक शेतावर आली. नात अरुंद बांधावरून हात पसरून चालली होती. आम्ही बघत असतानाच घसरली आणि सपशेल ओल्या वाफ्यात आपटली. लेक किंचाळून पुढे झेपावली. बायकोने तिचं मनगट धरलं. "थांब गं. उठंल ती."

ती उठली. तोंडातला चिखल थुंकला, हात फ्रॉकला पुसले, तेव्हा कुठे तिला आई दिसली. पळतच आली. लेक बांधावर मटकन बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली. मनावरचं किती दिवसांचं ओझं होतं, ते बापाला दिसत होतं.

नात जरा वेळ बघत राहिली. मग चिखलाच्या हातांनी आईचे हात बाजूला केले, तिच्या नव्या सँडलकडे पाहिलं आणि समजुतीने म्हणाली, "रडू नको. पहिल्यांदा भीती वाटते. लई मऊ हाय. माझा हात धर."

लेकीने सँडल काढली, सलवार वर घेतली आणि पोरीचा हात धरून वाफ्यात उतरली. पायाची बोटं चिखलात रुतवून बघितली.

"दादा," मग मागे न बघताच म्हणाली, "उद्या संध्याकाळची गाडी बघून ठेवा. सोमवारी मला कामावर जायचंय."