साबणाला फेस येईना

माझे बाबा दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला यायचे, पण ख्रिस्तप्रसाद घ्यायला कितीतरी वर्षं उठले नाहीत. सगळं चर्च रांगेत उभं, आणि आमच्या बाकावर हा एकटा माणूस मान खाली घालून बसलेला. कुणाकडे काय शिजलं हे जिथं शेजारणीला आधी कळतं, तिथं हे लपणार होय? शरमेनं मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. नव्वदच्या सुमारास नालासोपाऱ्यात बिल्डिंगांवर बिल्डिंगा उभ्या राहिल्या, पण नळाला टिपूस नाही. मग राजोडीकडच्या आमच्या केळी-पानांच्या वाड्यांतल्या विहिरींवरून टँकर भरून जाऊ लागले. बाबांनीही पाणी विकायला विहिरीवर मोठी मोटर बसवली. काकांची, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची विहीर आमच्या कुंपणाला लागून, समुद्राच्या बाजूला. आम्ही गोडं पाणी उपसत राहिलो आणि खालून खारं पाणी शिरलं ते आधी त्यांच्याकडे. त्यांची केळी पिवळी पडली, पानवेली जळाल्या. काका कुंपणाशी येऊन म्हणाले, "अरे, बंद कर ती मोटर. माझं पानी खारं झालं."

"माझ्या विहिरीतलं पाणी, मी काय वाटेल ते करीन," बाबा म्हणाले. झालं! त्या दिवसापासून बोलणं बंद.

पुढं आमचीही विहीर मचूळ झाली आणि टँकर आपसूक थांबले. इथंच बाबांची खरी गोची झाली. मी मोटर बंद केली, असं म्हणायलाही तोंड उरलं नाही. ते कन्फेशनला जात, गुडघे टेकून रडत. फादर दरवेळी सांगत, "देव क्षमा करतो, पण तू आधी भावाकडे जा." तेवढं एक त्यांना जमेना, आणि ते केल्याशिवाय ख्रिस्तप्रसाद घ्यायला मन धजेना. संध्याकाळची रोझरी झाली की आई विनवण्या करायची. बाबा हात जोडायचे, "पाय उचलत नाही गं. काय तोंड घेऊन जाऊ?" अन्नावरची वासनाच उडाली त्यांची. बंद मोटरशेजारी तासन्‌तास बसून राहायचे. मला वाटायचं, हा माणूस एक दिवस त्या विहिरीतच उडी टाकणार. कॉलेजातून आले की मी घरात शिरायच्या आधी विहिरीत डोकावायची.

अशात माझं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, कळशी भरून आणतात आणि त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालतात. घरची विहीर असताना दुसरीकडचं पाणी कोण आणणार? मला पाटावर बसवलं, आत्यानं गाणं धरलं आणि डोक्यावर तांब्या ओतला. साबण चोळला तर फेसच येईना. पुन्हा चोळला. केसांत नुसता चिकट लगदा, डोळ्यांत खारट पाणी. गाणं म्हणणाऱ्या बायका एकेक करून गप्प झाल्या. बाबा मांडवाच्या खांबाला धरून बघत होते.

माझं डोकं सणकलं. "बाबा, काकांकडून कळशीभर पाणी आणा! नाहीतर मी या पाटावरून उठत नाही. लग्नबिग्न गेलं खड्ड्यात!"

"अगं बये, गप्प बस!" म्हणत आई धावली. काकांची विहीर खारीच आहे, काकी रस्त्यावरच्या नळाला रांग लावून प्यायचं पाणी आणते, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण मला पाणी नकोच होतं. मला बाबा कुंपणापलीकडे गेलेले हवे होते.

बाबांनी कळशी उचलली. हाही विधीच असेल असं वाटून बँडवाले मागून वाजवायला लागले, खुळे कुठले! कुणीतरी त्यांना दटावलं. काकांच्या ओट्यासमोर बाबांनी गुडघे टेकले. इकडे सगळा मांडव कान टवकारून उभा.

"दादा, तुझी विहीर मी मारली. तू सांगायला आलास, तरी मारली. मला माफ कर."

काका ओट्याच्या कडेला आले. मग म्हणाले, "माफ केलं म्हनून पानी गोडं होनार हाय का?"

"नाही."

"मग कशाला आला?"

"पोरीला न्हायला पाणी दे."

काका आत निघून गेले. काकीनं प्यायच्या मडक्यातलं पाणी कळशीत ओतलं. त्या पाण्यानं माझ्या केसांत पांढराशुभ्र फेस आला आणि मी ढसाढसा रडले. त्या संध्याकाळी बाबा पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी मी वेदीपुढे नवरी होऊन बसले होते. ख्रिस्तप्रसादाची वेळ झाली तशी न राहवून मागं वळून बघितलं. बाबा उठले होते. रांगेत त्यांची मान वर होती. देवा, तुझे उपकार, मी म्हटलं. तेवढ्यात शेवटच्या बाकावर मला काका दिसले. ते उठले नव्हते. सगळं चर्च रांगेत, आणि ते एकटे मान खाली घालून बसलेले. माफ करणं त्यांना जमलं नव्हतं, आणि मनात राग ठेवून पुढं येतील असा तो माणूस नव्हता. बाबांच्या अंगावरचं आम्ही धुतलं आणि ते काकांवर नेऊन ओतलं की काय?

बाबा प्रसाद घेऊन वळले. आमच्या बाकापाशी आई त्यांना जागा करून देत होती, पण ते थांबले नाहीत. सरळ मागं गेले आणि काकांच्या शेजारी बसले. काकांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. पण उठून दुसरीकडेही गेले नाहीत.