शर्टाखालचा कॅमेरा

कलावंताला मरण नसतं. विनूच्या शोकसभेत हे वाक्य तीन वक्त्यांनी म्हटलं, आणि तिघांच्याही घरी भिंतीवर टांगलेला वडिलांचा शेवटचा फोटो विनूनेच काढलेला आहे, वडील वारल्यावर. मी मागच्या बाकावर बसून तो गेल्याची बातमी कळली ती सकाळ आठवत होतो. नाक्यावरच्या भाजीवाल्या बाईने सांगितलं, "फोटोवाले भाऊ वारले." मग माठाच्या जुडीवर पाणी शिंपडता शिंपडता म्हणाली, "आता त्यांचा कोण काढणार?" पुढे शोकसभेत पुष्कळ बोललं गेलं, पण इतकं मुद्द्याचं कुणी बोललं नाही.

बाहेरगावच्या वाचकांना हे जरा सांगायला हवं. आमच्या रत्नागिरीत घरटी एक तरी माणूस मुंबईला किंवा आखातात. म्हातारा गेला की तार जाते, मुलगा रात्रीच्या एसटीला बसतो, आणि घाटात दरड आली की तिथेच अडकून राहतो. मयत तेवढं थांबत नाही. गावात बर्फ भरपूर, पण तो मासळीसाठी. तेव्हा उचलण्याआधी एक फोटो काढून ठेवायचा, मुलाला निदान चेहरा दिसावा म्हणून. हे काम विनू करी, आणि मनापासून करी. आधी पडदा सारून उजेड घेई, चादरीची सुरकुती काढी, नाकातला कापूस दिसणार नाही असा कोन शोधी. बाजारात त्याचा स्टुडिओ होता, लग्नामुंजीही तो करत असे. पण लोकांच्या मनात तो बसला तो या एका कामाने, आणि तिथून त्याला कुणी उठू दिलं नाही.

त्याला स्वतःला काढायची होती फुलं. गणपतीच्या सुमारास गावावरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळावर, जांभळी-पिवळी बारीक फुलं येतात आणि पाहता पाहता संपतात. ब्याऐंशीच्या सुमाराला मिरकरवाड्याच्या इस्माईलने, त्याच्या शाळूसोबत्याने, कुवेतहून त्याच्यासाठी नवा कॅमेरा आणला. गळ्यात अडकवायच्या पट्ट्यावर बोटभर उंचीची पिवळी अक्षरं. पहिल्याच रविवारी विनू तो घालून निघाला आणि आळीत विचारणा सुरू झाली, कोण गेलं? कुणी नाही, फुलं काढायला चाललोय, असं त्याने दारोदार सांगितलं. ते कुणाला पटलं नाही. सड्यावर पोचून तो एका फुलापुढे ओणवा झाला, आणि मान वळवून बघतो तर मागे चौघे उभे... चौघांच्या खांद्यावर स्मशानातून परतताना आंघोळीला लागतो तो पंचा. त्यातला वडीलधारा अदबीने म्हणाला, "भाऊ, घर कुठलं?"

तेव्हापासून विनू पट्ट्याच्या मागे लागला. फुलांपर्यंत जायचं तर कॅमेरा दिसता कामा नये, हे त्याने ठरवून टाकलं. आधी त्याने तो बाजाराच्या पिशवीत घातला. चालताना तो गुडघ्यावर आपटे, आणि पिशवी दिसली की लोक आत डोकावून कुठली मासळी मिळाली ते विचारत. मग खांद्यावरून तिरका पट्टा घेऊन वर शर्ट घातला; पट्टा बगलेत कापे आणि छातीवर गळू आल्यासारखं दिसे. शेवटी एसटी स्टँडजवळच्या चांभाराकडून त्याने कॅनव्हासची कमरेला बांधायची केस करून घेतली. आतून जुन्या स्लिपरचा स्पंज, मागे तळहाताएवढा रुंद पट्टा. वर ढगळ बुशशर्ट. मला दुकानात दोन येरझाऱ्या घालून दाखवल्या. "बघ, अंगावर काही आहे असं वाटतं?" मी म्हटलं, पोट सुटल्यासारखं वाटतंय. तो खूश झाला. पोट सुटलेल्या माणसाच्या मागे कुणी पंचा घेऊन येत नाही, म्हणाला.

एक हंगाम त्याला फुलं मिळाली. पुढच्या वर्षी गावाच्या ते लक्षात आलं. हा आता शर्टाखाली लपवून नेतो, एवढंच गावाने त्यातून घेतलं. म्हणजे तो कुठेही, कसाही दिसला तरी धास्ती. आजाऱ्याच्या घरी तो गेला की बायका उठून आत जात. त्याची मावशी वरच्या आळीत अंथरुणाला खिळून होती; तिला शहाळं घेऊन गेला. मावशीने शहाळ्याकडे पाहिलंच नाही.

"विन्या, शर्ट वर कर बघू."

त्याने केला. कमरेला काही नव्हतं. मावशी म्हणाली, "म्हणजे घरी ठेवून आलायस. जवळच तर आहे तुझं घर."

हे सांगताना तो हसत होता, पण त्या दिवशी त्याने स्टुडिओचा दरवाजा अर्धा ओढून घेतला होता. "आता मी हात हलवत गेलो तरी तेच रे," म्हणाला. दादरच्या एका स्टुडिओने त्याला बोलावलं होतं, तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं, हेच त्याला मोठं वाटत होतं. कळल्यावर आळीतली चार मोठी माणसं समजूत घालायला आली. तुम्ही गेलात तर आमचं कोण करणार, असं त्यांनी अगदी प्रेमाने विचारलं. प्रेमाने विचारल्यावर माणूस काय बोलणार... तो राहिला. सड्यावर जाणं मात्र सोडलं. भाद्रपदात कधी मी विषय काढला तर म्हणे, असतील की फुलं, कुठे जातायत.

तो झोपेतच गेला. कॅमेरा कपाटात होता, आत रोलही भरलेला होता, पण फोटो काढायचा कुणी हे सुचेना. धाकटा भाऊ मुंबईहून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. शोकसभेत हार घातलेला फोटो कुठल्याशा सत्काराच्या ग्रुपमधून कापून मोठा केलेला होता. विनूच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात होता.

परवा सुमनवहिनी, विनूची बायको, नाक्यावर भेटल्या. शेजारीण सिव्हिल हॉस्पिटलात आहे, तिला चहा घेऊन निघाल्या होत्या. खांद्याला विनूची ती कॅनव्हासची केस, रुंद पट्ट्याने लटकवलेली, आणि केसमध्ये थर्मास. पट्टा खांद्याला अजिबात लागत नाही, म्हणाल्या. मी न राहवून विचारलं, लोक काही बोलतात का.

"बोलतात ना," वहिनी म्हणाल्या. "कुठे घेतली म्हणून विचारतात."

थर्मास केसपेक्षा थोडा उंच आहे. त्याचं झाकण बाहेर राहतं.