हॉर्स्टच्या केकमधलं बेट

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. एकदा लिहायला घेतलं आणि अर्ध्यावर फाडून टाकलं. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... सगळा जन्म नकाशे काढण्यात गेला. मोजता येईल तेवढंच कागदावर यायचं, ही आमची शिस्त. पण एक गोष्ट मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि ‘पाहिली नाही’ म्हणून सांगितलं. आता वय झालं, खरं काय ते लिहून टाकतो.

मी कोलोनला एका संस्थेत किनाऱ्यांचे नकाशे करायचो. हॉर्स्ट माझा सहकारी – स्टुटगार्टकडचा, धिप्पाड, मोठ्याने हसणारा. आम्हा दोघांना जहाजावरून अंटार्क्टिकाच्या पश्चिम किनाऱ्याला पाठवलं होतं. किनारा म्हणजे वाळू-खडक काही नाही. समुद्रात पुढे आलेली बर्फाची उंच भिंत, मैलोन्‌मैल. तिच्या कडेकडेने जायचं आणि तिची रेघ नकाशावर उतरवायची.

एके दुपारी डेकवर आम्ही दोघेच होतो. लख्ख ऊन, पाणी ताटात ओतल्यासारखं शांत. आणि भिंतीच्या जागी – बेट! तपकिरी खडकांचं. एक मोठा उंचवटा, एक छोटा, आणि एका बाजूला कुणी चावा घेतल्यासारखी खाडी. वर पक्षी घिरट्या घालत होते, त्यांचा कलकलाटसुद्धा ऐकू येत होता. मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता – स्वतःच्या लग्नातही नाही, आणि हे उषाला, माझ्या बायकोला, ठाऊक आहे.

हॉर्स्टने मला उचलून गरगर फिरवलं. "वसंत, बेट सापडलं! नाव काय द्यायचं?"

"उषा!"

"आल्झो, म्हणजे ठरलं! मोठा डोंगर उषा. छोटा माझी मांजर!"

तो कॅमेरा आणायला धावला. मी नजर हलवली नाही. धुकं नाही, ढग नाही... आणि तरी तो येईपर्यंत तिथे पुन्हा पांढरी भिंत. त्या भागात मृगजळ दिसतं, मान्य. पण मृगजळालाही कुठेतरी खरी वस्तू लागते. आसपास असं बेटच नव्हतं.

परतल्यावर हॉर्स्टने भर बैठकीत हे हसत हसत सांगितलं. प्रमुख माझ्याकडे वळले. "तुम्हीही पाहिलंत?"

माझा करार तेव्हा वर्षावर्षाचा, व्हिसा त्यावर टांगलेला. मी म्हणालो, "नाही. मी चहा आणायला खाली गेलो होतो."

सगळे हसले. हॉर्स्टला पुन्हा कधी जहाजावर पाठवलं नाही.

इथे जर्मनीत ज्याचा वाढदिवस, त्यानेच ऑफिसात केक आणायचा असतो. पुढच्या वाढदिवसाला हॉर्स्टने बेटच आणलं! पत्रा वाकवून स्वतः साचा केलेला. दोन उंचवटे, खाडी, सगळं चॉकलेटचं. खाडीकडचा तुकडा माझ्या ताटलीत ठेवून म्हणाला, "घे. तू चहाला गेला होतास ना, तुझं बघायचं राहिलं असेल." त्यानंतर दर वर्षी तोच केक, तोच तुकडा. एक आमच्या घरीही यायचा. मी खोटं बोललो हे मात्र त्याने कुणाला सांगितलं नाही. डोळा मारायचा, बस्स.

अलीकडे एका दिवाळीला मुग्धा आमच्याकडे आली. उषाच्या मैत्रिणीची नात, जर्मनीच्या उत्तरेकडे बर्फावर पीएच.डी. करते. फराळाच्या ताटांमध्ये तिने लॅपटॉप उघडला.

"आजोबा, हा उपग्रहाचा फोटो बघा, तुम्ही गेला होतात त्याच किनाऱ्याचा. भिंतीचा मोठा तुकडा सुटला आणि आतून हे निघालं. कुठल्याच नकाशात नाही!"

उषा हातात झारा घेऊन मागून वाकली. "अहो... हा तर हॉर्स्टचा केक!"

तेच दोन उंचवटे. तीच खाडी. मी मुग्धाला विचारलं, आम्ही गेलो तेव्हा हे दिसू शकलं असतं का?

"कसं दिसेल? तेव्हा यावर आपल्या कोलोनच्या डोम चर्चच्या मनोऱ्यांएवढा बर्फ होता."

लगेचच्या रविवारी आम्ही स्टुटगार्टला गेलो; निवृत्तीनंतर हॉर्स्ट तिकडेच राहायचा. चित्र बघून हॉर्स्टने स्क्रीनचा मुका घेतला, मग उषाला धरून स्वयंपाकघरभर नाचला. "माझी मांजर! ती बघ, माझी मांजर!" उषा हसून हसून खुर्चीत बसली.

"हॉर्स्ट, मला तुला काही सांगायचंय—"

"आधी खा!" त्याने केक माझ्या तोंडात कोंबला. मी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तुकडा आला. स्टेशनवर सोडायला आला तेव्हाही तोंड उघडलं, तर म्हणाला, "जा, जा, पुढच्या वेळी. गाडी आली."

पुढची वेळ आली नाही. वसंत ऋतूत तो झोपेतच गेला. त्याची मुलगी सांगत होती, ते चित्र त्याने ओव्हनच्या वर लावलं होतं आणि येईल त्याला दाखवायचा.

डोमएवढ्या बर्फाखालचं बेट आम्हा दोघांना कसं दिसलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मुग्धा म्हणते, आठवण फसवते. पण आमच्या आठवणी फसवतील. पत्र्याचा साचा कसा फसवेल?

ते तोंडातच राहिलेलं वाक्य एवढंच होतं – हॉर्स्ट, मी तुझ्या शेजारी उभा होतो, बेट मीही पाहिलं. सगळ्यांसमोर तुला एकटं पाडलं, मला माफ कर.