उताराचा वेळ

मालवाहतूक कंपनीच्या कचेरीत तिला सगळे नकाशेबाई म्हणत. ट्रकमधल्या यंत्रांकडून उपग्रहामार्फत येणारे ठिपके ती दिवसभर संगणकावर निवडत बसायची, धान्यातले खडे निवडावेत तसे. त्यावरून रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याचा सरासरी वेळ निघायचा. त्याहून जास्त वेळ लावला, की त्या ट्रकचा ठिपका लाल.

नवरा तिथलाच ड्रायव्हर. डोंगरावरचा अरुंद उतार तो इतका जपून उतरायचा, की बाकीच्यांनी त्याचं नाव गोगलगाय ठेवलं होतं. "बायको वरून बघते ना, म्हणून लाजत लाजत चालवतो," अशी थट्टा चालायची. ओलांडून पुढे जायला जागा नाही, म्हणून मागची रांगही नाइलाजानं हळू उतरायची, आणि त्या उताराची सरासरी सैल राहायची.

गेल्या वर्षी तो गेला. रस्त्यावर नाही, घरीच, बुटाची नाडी बांधता बांधता.

सरासरी वर्षातून एकदा नव्यानं काढायची, तिच्यात फक्त वर्षभरातल्या फेऱ्या धरायच्या, जुन्या गाळायच्या, असा नियम. आता त्याच्या सगळ्या फेऱ्या गळणार होत्या.

"साहेब, त्या उतारापुरत्या जुन्या फेऱ्या राहू द्या ना. नाहीतर वेळ फार कमी होईल."

साहेब चष्मा पुसत राहिले. "बाई, मला कळतं. पण एका माणसासाठी नियम कसा वाकवू?"

"एका माणसासाठी नाही. सगळेच तिथून उतरतात."

"आकडे काढा," साहेब हळूच म्हणाले.

तिनं काढले. वेळ घटला.

संध्याकाळी सगळ्यात जुने ड्रायव्हर, मामा, दारात येऊन उभे राहिले.

"उताराचा वेळ कापला म्हणे?"

"नियमानं कापला, मामा." मग खाली बघत म्हणाली, "मीच कापला."

"गोगलगायीच्या मागून आम्ही शिव्या घालत उतरायचो. पण धड उतरायचो." मामांनी गुडघा चोळला. "मी आपला तसाच उतरणार, पोरी. या वयात पाय ब्रेकवरून निघत नाही."

"लाल दिसाल."

"दिसेन की. तुलाच दिसेन ना?"

"सारखं लाल झालं तर गाडी काढून घेतील, मामा."

मामांनी खिशातली गाडीची किल्ली चाचपली आणि ते निघाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांच्या ट्रकचा लाल ठिपका उतारावरून सरकत होता, मागे चार-पाच ठिपक्यांची रांग. अगदी पूर्वीसारखी. तो पायथ्याला पोचेपर्यंत तिनं माऊसवरचा हात हलवला नाही.

मग त्याच्यापुढे 'उशीर' असं लिहिलं. ते काम तिचंच होतं.